सगुणामायचे पाहुणे

आमच्या कामातले किस्से म्हणजे तान्ह्या पोराचे पावसाळ्यातले लंगोट. एक वाळवून त्याची घडी करावी, तोवर चार ओले तयार! अधूनमधून कुणाला तरी सांगून टाकल्याशिवाय घरात जागाच उरत नाही.

काम काय, ते आधी सांगते. गोंदिया जिल्ह्यात कुठं म्हाताऱ्या माणसांना घरच्यांकडून त्रास होत असेल, तर पोलीस, तहसील, दवाखाना या सगळ्यांनी मिळून मदतीला जावं, म्हणून एक समिती आहे. त्यात कामाची माणसं तीन: नायब तहसीलदार बिसेन साहेब, हवालदार मेश्राम काका आणि आमच्या डॉक्टर मॅडम. या तिघांना एका वेळी एका जागी आणायचं, ही माझी नोकरी. पद समन्वयक, कंत्राटी. घरी दोन वर्षांची पोरगी आणि तिचा दुधाचा पेला मला एका जागी आणता येत नाही, हे मुलाखतीत कुणी विचारलंच नाही!

*

सगुणामायची बातमी आम्हाला तिथल्या आशाताईनं दिली. चिचगडच्या पुढं, जंगलाला लागून गाव. लेकानं, देवरामनं, घरात नव्या टाइल्स बसवल्या आणि आईची खाट म्हशीच्या गोठ्यात नेऊन टाकली. कारण काय, तर माय तंबाखू थुंकते! मायला खोकला. थंडी पडायच्या आत ती घरात परत जायला हवी होती. काम एवढंच.

मी लगेच समितीच्या ग्रुपवर टाकलं, "अर्जंट! ज्येष्ठ महिला गोठ्यात!"

बिसेन साहेबांचा अंगठा आला. डॉक्टर मॅडमचे जोडलेले हात आले. कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं, शुभ सकाळसकट. मेश्राम काकांचा मात्र सरळ फोन! मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी माणूस हलला.

"मॅडम, ग्रुपवर काहीतरी अर्जंट आलं म्हनते. काय आहे ते? माह्या मोबाईलमंदी नेटच नाही!"

*

पहिल्यांदा गेलो ते थाटात गेलो. तहसीलची गाडी, पोलिसांची गाडी, मागून दवाखान्याची. गावात शिरलो तर रस्त्यावर माणूस नाही! दारं बंद. कुत्रंसुद्धा ओट्याखाली.

"यायले वाटलं, जंगल खात्याची धाड पडली," मेश्राम काका हसायला लागले. "सारं गाव सरपन लपवून राह्यलं असंल!"

सापडली ती एकटी सगुणामाय. ती कुठं लपणार? म्हशीशेजारी खाट, खाटेवर गोधडी, गोधडीवर माय. मी अगदी ट्रेनिंगमध्ये शिकवल्यासारखी खाली वाकले, आवाज मऊ केला. "आजी, तुम्हाला इथं कुणी ठेवलं?"

"कोन ठेवंल? मीच राह्यतो," माय म्हणाली. "म्हशीले सोबत लागते."

मी मेश्राम काकांकडं पाहिलं. काकांनी म्हशीकडं पाहिलं.

*

दुसऱ्यांदा बिसेन साहेबांनी तिला समजावलं. स्टुलावर बसून, शांतपणे. "माय, तुम्ही एक तक्रार द्या. मग आम्ही ऑर्डर काढतो. टेन्शन मत लो."

"मंग पोलीस माह्या लेकाले नेतीन का?"

"तशी गरज नाही पडणार. पण विचारपूस तर होईल."

"धान कापाचं आहे ना बाबू. धान कापल्यावर देतो मी तक्रार."

"बरं. धान कापल्यावर."

"नाही, मंग चुराचं राह्यते." म्हणजे मळणी.

"मळणी झाल्यावर?"

"मंग नातनीचं लगन आहे. लगनघरी कोनी तक्रार करते का?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. परत येताना गाडीत ते म्हणाले, "मॅडम, आपणहून दखल घेता येते आपल्याला. कायद्यात सोय आहे. पण उद्या सुनावणीत ही बाई 'म्हशीले सोबत लागते' म्हणाली, तर मी ऑर्डरमध्ये काय लिहू?"

डॉक्टर मॅडमनं खोकल्याचं औषध दिलं होतं. त्यांनाही ते पटेना. "गोळ्या मी कितीही देईन. ओल तर खालूनच येतेय."

*

मग महिन्याची बैठक झाली. मोठे साहेब खुर्चीत. मी विषय मांडला. बोलताना माझा आवाज चिरकतो, त्यामुळं मी पाणी पीत पीत बोलते आणि शेवटी फक्त पाणीच पिते!

एकेक विभाग उठला. एकानं सांगितलं, तक्रार नाही, सबब गुन्हा नाही. दुसऱ्यानं सांगितलं, वृद्धाश्रमात जागा आहे, पण महिला यायला तयार नाही. मग कोपऱ्यातून कुणीतरी अगदी प्रामाणिकपणे म्हणालं, "सर, गोठा आहे म्हटल्यावर हा विषय पशुसंवर्धनचा नाही का?"

मला वाटलं, आता सगळे हसतील. सगळ्यांनी लिहून घेतलं!

पुढच्या बैठकीत उत्तर हजर. पशुवैद्यक गोठ्यावर जाऊन आले होते. अहवालात लिहिलं होतं, "गोठा हवेशीर असून जनावरास राहण्यास योग्य आहे. म्हैस सुदृढ."

सगुणामायबद्दल ओळ नव्हती. तो त्यांचा विषयच नव्हता ना!

*

या कामाचा माझ्यावर झालेला परिणाम सांगितलाच पाहिजे. ट्रेनिंगमध्ये ऐकलं, की ज्येष्ठांवर झेपणार नाही इतकं काम टाकणं हाही छळच. मी तिथंच गार पडले. माझी पोरगी दिवसभर कुणाच्या अंगाखांद्यावर असते? सासूबाईंच्या! आणि पोरगी कशी आहे, तर पंख्याला लोंबकळायचं तेवढं बाकी ठेवलंय.

तेव्हापासून मी घरी आले, की चप्पल काढायच्या आधी विचारते, "आई, तुम्हाला काही त्रास नाही ना?" हेल्पलाईनचा नंबरसुद्धा मीच त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दिला.

आठवडाभर त्यांनी सहन केलं. मग एके दिवशी मोबाईल हातात घेतला, चष्मा लावला.

"काय करून राहिल्या, आई?"

"नंबर लावून राहिली. सून रोज संध्याकाळी तेच तेच विचारून छळते म्हणून सांगतो!"

*

दिवाळी झाली. सकाळी अंगावर शाल लागायला लागली आणि मला झोप लागेना. मायचा खोकला आता फोनवरून आशाताईच्या मागंही ऐकू येत होता. कायदा होता, समिती होती, गाड्या होत्या. आणि माय गोठ्यातच होती.

मेश्राम काका म्हणाले, "मॅडम, परवा तिच्या गावची मंडई आहे. आपन जाऊ."

"सुटीच्या दिवशी? आणि मंडईत केस?"

"केस कायले? मंडईले पाव्हने जातेत."

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. ज्याच्या गावी मंडई, त्याच्या घरी पाहुणे. नाही आले तर घरच्याला तोंड दाखवायची चोरी. काकांनी वर्दी घातली नाही. बिसेन साहेब जीन्समध्ये, ओळखूच येईनात. डॉक्टर मॅडमनं ठेवणीतली साडी काढली. सासूबाई त्यांच्या माहेरच्या मंडईला गेलेल्या, त्यामुळं माझी पोरगीही काखेत.

देवरामच्या ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या. अर्जुनी मोरगावहून त्याची सासुरवाडी आलेली. आम्ही ओटा ओलांडला आणि सरळ गोठ्यात शिरलो.

"सगुणामाय, मंडईले आलो वं तुह्याकडं!" काका मोठ्यानं म्हणाले.

माय गडबडली. पदरानं खाट झटकली. मी आणि पोरगी खाटेवर, डॉक्टर मॅडम पायथ्याशी, साहेब उलट्या टोपल्यावर. मंडईला जाणारे लोक डोकावून विचारायला लागले, "कोनाचे पाव्हने जी?"

"सगुणामायचे!" काका प्रत्येकाला सांगत होते. प्रत्येक वेळी आवाज थोडा चढा.

ओट्यावरची सासुरवाडी उठून उभी राहिली. सून चिवडा-करंज्यांचं ताट घेऊन आली, कुठं ठेवावं तिला कळेना, तशीच ताट धरून उभी राहिली. मागून देवराम आला. अंगात नवा शर्ट. त्यानं बिसेन साहेबांना ओळखलं आणि चेहरा पडला.

"साहेब, आत चला ना. इथं काऊन बसले?"

"आज साहेब नाही," बिसेन साहेब म्हणाले. "मायचे पाहुणे. माय बसेल तिथं बसू."

देवराम आईकडं वळला. "माय, चाल ना आत."

माय हलली नाही. माझ्या पोरीच्या हातात करंजी देत तिनं विचारलं,

"मले बोलावून राह्यला, का पाव्हन्यायले?"

बाहेर मंडईचा नगारा वाजत होता. देवरामनं एकदा ओट्यावरच्या माणसांकडं पाहिलं, मग मायच्या पायांकडं पाहत राहिला. त्याचे डोळे भरलेत असं मला वाटलं. पण मला हल्ली सगळ्यांचेच डोळे भरलेले वाटतात.

"तुले," तो म्हणाला.

आणि पुढं होऊन त्यानं खाट एका बाजूनं उचलली. मी पोरीला घट्ट धरून घसरत पायथ्याशी आले. डॉक्टर मॅडम केव्हाच उभ्या राहिल्या होत्या. मला काही सुचेना, मी तशीच बसून!

माय माझ्यावर खेकसली,

"उठ ना वं पोरी! माहा लेक खाट आत नेऊन राह्यला ना!"