आरोंद्याची जागा

तार आली तेव्हा मी पडवीच्या कठड्यावर चटया वाळत घालत होतो. आषाढात मधेच उघडीप मिळाली होती, आणि आचऱ्याच्या हवेत चटयांना बुरशी धरायला निमित्त लागत नाही. घरातला मोठा म्हणून कारभार माझ्याकडे आहे असं मी लोकांना सांगतो. प्रत्यक्षात माझ्याकडे फक्त चटयांचा कारभार आहे, बाकीचा सगळा बायकोकडे. तर एका हातात चटई, दुसऱ्या हातात तार, चष्मा कपाळावर आणि मी तो शोधतोय... अशा अवतारात मला कळलं की माझा धाकटा भाऊ सदा मुंबईत कामावर असतानाच छातीत कळ येऊन गेला. चाळिशीही गाठली नव्हती त्याने. मी तार खिशात ठेवली आणि हातातली चटई नीट पसरली. का, ते विचारू नका. पसरल्यावर पाहिलं तर उंदराने काठ कुरतडलेली ती चटई त्याचीच होती, दाराजवळची.

चतुर्थीला आमच्याकडे सगळी भावकी उतरते. घर मोठं आहे, पण माणसं घराला पुरून उरतात. सदा कॉलेजात असतानाची गोष्ट. पहाटे फुलं काढायला उठणारे अंधारात पोरांच्या हातापायांवर पाय देत आणि गणपतीच्या आधी घरात रडारड सुरू होई. सदाने तोड काढली, सगळी पोरं माजघराच्या आतल्या भिंतीकडे निजवायची. रडारड थांबली, त्याची वाहवा झाली. पण भिंतीकडचा तो कोपरा आरोंद्याच्या आत्याचा होता. आत्या म्हणजे वडिलांची बहीण, तरुणपणीच विधवा झालेली. आरोंद्याहून गाड्या बदलत ती पोचली तेव्हा घर आडवं झालं होतं. आपल्या कोपऱ्यात पोरं निजलेली तिने पाहिली. कोणाला उठवलं नाही. पडवीत खांबाला टेकून बसून राहिली आणि सकाळी आरती झाल्यावर प्रसाद घेऊन परत गेली. त्यानंतर चतुर्थीला ती आलीच नाही. सदा तिची समजूत घालायला आरोंद्याला गेला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जागा नाय गावली त्याचा काय नाय रे. मी कोणाच्या ध्यानातच रवलंय नाय..." हे सदाने परत आल्यावर मला सांगितलं.

पुढल्या वर्षीपासून त्याने तालीम सुरू केली. चतुर्थीच्या आदल्या दुपारी सगळ्या चटया घालायच्या, आलेल्यांनी आपापल्या जागी आडवं व्हायचं, आणि आजवर झालेली प्रत्येक चूक पुन्हा घडते का ते करून बघायचं. पहिली पाळी नेहमी आत्याची. सदा डोक्यावरून पंचा ओढून, पिशवी घेऊन तुळशीपाशी उभा राही आणि बारीक आवाजात हाक मारी, "मी इलंय गो. निजू खंय?" मग आतून कोणीतरी कोपऱ्यातली रिकामी चटई दाखवायची. ती चटई आत्या येवो न येवो, दरवर्षी घातली जाई. त्यानंतर पहाटे उठणारा, मग एकाच चटईवर हक्क सांगणारे दोन जावई, अशा पाळ्या चालत. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणे, "भावजी, तुमचो खेळ होतलो आणि माझो भात करपतलो." आणि वाटपात दरवर्षी मी काहीतरी नवा घोळ घालतच असे. सदा त्यावर खूश. "दादा, तू आसस म्हणान माझो अभ्यास होता," असं तो म्हणायचा. एकदा मी वैतागून विचारलं की एकदा सुधारलेली चूक पुन्हा पुन्हा कशाला तपासायची. तो म्हणाला, "सुधारली म्हणजे गेली न्हय. दुसरा कायतरी सुधारूक गेलंव की ती परत येता. तिका दार म्हायत आसता."

खरं सांगायचं तर या तालमी क्वचितच पुऱ्या होत. श्रावण सरल्यावरची ती ओलसर दुपार, कौलातल्या काचेतून उतरणारा उजेड, लांबून येणारी समुद्राची गाज... झोपेचं सोंग घेतलेली माणसं एकेक करून खरीच झोपत. पहिला मी.

साठ सालानंतर सदा मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत लागला. तिथलं खोलीभर पसरलेलं गणकयंत्र दाखवायला त्याने मला नेलं. थंडगार खोली, कपाटांची रांग, आणि कपाटांतून आमच्या समुद्रासारखीच गाज... मी चपला बाहेर काढल्या. तसं कोणी सांगितलं नव्हतं, पण काढल्या. सदा सांगत होता की यंत्राच्या पोटात एका वेळी अनेक कामं मुक्कामाला येतात. प्रत्येकाला आपले आकडे ठेवायला जागा लागते. ती जागा वाटणारा आणि काम संपलं की परत घेणारा एक कारभारी प्रोग्रॅम आत कायमचा बसलेला असतो. तो लिहिणारे वेगळे. सदाचं काम त्या कारभाऱ्याच्या परीक्षा रचायचं. कारभाऱ्यात कुठेही बदल झाला की पूर्वीची प्रत्येक चूक पुन्हा घडवून बघायची. एकच जागा दोघांना दिली जाते का, गेलेल्याची जागा अडून राहते का. "ही दुसरी वायट," तो म्हणाला. "माणूस गेलो, पण जागा सुटली नाय. असा होत रवला तर घर रिकामा आणि निजूक मात्र जागा नाय. मगे यंत्र थांबता."

प्रत्येक परीक्षेची, यंत्राला वाचता येतील अशी भोकं पाडलेल्या कार्डांची एक गड्डी होती. सगळ्यात जुनी, हाताळून मऊ झालेली गड्डी त्याने मला दाखवली. तिचं नाव 'आरोंदा'. सगळी जागा वाटून झाल्यावर उशिरा एक काम येतं. त्याला कोणाच्या उरावर बसवायचं नाही आणि दारात ताटकळत ठेवायचंही नाही. वरिष्ठ म्हणत, या जुन्या गड्ड्या पासच होतात, यंत्राचा वेळ का घालवता? सदा दाद देत नसे. मग एकदा कोणीतरी कारभाऱ्याला जलद करणारा बदल केला. यंत्र खरंच जलद झालं, पेढे वाटले गेले, आणि आरोंदा नापास. उशिरा आलेलं काम दारातच उभं. तेव्हापासून गड्ड्या काढून टाकायची भाषा बंद झाली. हे आत्याला सांगितलंस का, असं मी विचारलं. "आधी ती येवंदे तरी," तो म्हणाला.

सदाच्या तेराव्याला त्याचा एक सहकारी मुंबईहून आला. आत्याही आली होती. दुःखाला ती कधी चुकली नाही, चुकायची ती फक्त चतुर्थीला. पानं वाढल्यावर त्या सहकाऱ्याने सहज विचारलं, आरोंदा हा शब्द कुठल्या शास्त्रातला, आम्ही कोशात शोधून दमलो. आत्या म्हणाली, "माझो गाव तो." मग त्याने तिला सगळं समजावलं. ती भात न कालवता ऐकत राहिली.

"म्हणजे तां यंत्र अजून ईचारता? उशिरा येणाऱ्याक जागा आसा काय म्हणान?"

"हो आजी. काही बदललं की पहिलं तेच."

आत्याने मग भात कालवायला घेतला.

चतुर्थी जवळ आली. यंदा तालीम नको असं माझं मत होतं. माझ्या मताचं जे व्हायचं ते झालं. बायको म्हणाली, "चटयो घाला. नायतर परत कोणतरी खांबाक टेकान बसात." आदल्या दिवशी सकाळी भिजलेली छत्री मिटत आत्या दारात उभी. कोणी आणायला गेलं नव्हतं. माजघरात जाऊन तिने आपला कोपरा पाहिला, चटईवरून हात फिरवला आणि पिशवी उशाला ठेवली.

दुपारी सगळे आडवे झाले. आत्या तिच्या जागी होती. बाहेर जाऊन हाक मारणारा तेवढा नव्हता. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी डोक्यावर पंचा घेतला आणि तुळशीपाशी जाऊन उभा राहिलो. वरून भुरभुर चालू होती. या वयात अंगणात उभं राहून बाईच्या आवाजात हाक मारायची म्हणजे... पण मारली. "मी इलंय. निजू खंय?" आवाज शेवटी फाटला.

आतून आत्या म्हणाली, "हय ये रे. माझ्या बाजूक जागा आसा. आणि ती दारातली चटई कित्याक बांधून ठेवलंस? सोड ती. घेवन ये."

तार आल्या दिवसापासून सदाची चटई मी सुंभाने बांधून दारामागे उभी केली होती. कोणालाच देत नव्हतो, आणि हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही अशी माझी समजूत होती. गाठ ओली होऊन आवळली होती. सुटायला वेळ लागला. चटई आत्याच्या बाजूला पसरली आणि तिच्यावर आडवा झालो. आत्याने न बघता माझ्या दंडावर हात ठेवला. पहाटे उठणारा, दोघे जावई, सगळ्या पाळ्या अजून व्हायच्या होत्या. उठून पुढची हाक द्यायला हवी, असं वाटत होतं... काचेतला उजेड सरकत सरकत कुरतडलेल्या काठापर्यंत आला, आणि दरवर्षीप्रमाणे सगळ्यांच्या आधी मला झोप लागली.