चौथ्या जागेचा गाळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय, असं स्वतःला म्हणत आलो — चिखलाची एक पिशवी, दुसरं काय?

भिवंडीत मी रसायनशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या ओढ्यातला गाळ तपासायचं काम माझ्याकडे आलं. पाणी वाहून जातं, गाळ मात्र सगळं धरून ठेवतो — काठावर शेत आहे, गोदाम आहे की कारखाना, ते गाळ तपासला की कळतं. मी चार जागा ठरवल्या. पहिली वरच्या अंगाला, भातशेतीजवळ. चौथी डाईंगच्या खाली, जिथे कापड रंगवलेलं पाणी ओढ्यात उतरतं.

डाईंगची शेड आमच्या जमिनीवर आहे. वडिलांनी भाड्याने दिलेली. हे तेव्हाच सांगून मी काम सोडायला हवं होतं, नाही का? नाही सोडलं.

चौथ्या जागी गेलो. गाळ काळाकुट्ट, वर निळसर तवंग. हातात प्लास्टिकचा चमचा होता — लोखंडाचा अंश नमुन्यात उतरू नये म्हणून. इतका काटेकोर मी! तसाच वर चालत गेलो, पहिल्याच जागेवरून आणखी एक पिशवी भरली आणि तिच्यावर चारचा आकडा घातला.

अहवालात ओढा चांगला निघाला.

काठावर सोनीबाई राहतात, वारली समाजाच्या. ओढा आटला की गाळ पाटीने उचलून भाजीच्या वाफ्यांत पसरायचा, ही तिकडची जुनी रीत. त्या वर्षी वास येतो म्हणून त्या थांबल्या होत्या. मला विचारलं, "सर, तुमी तपासला ना गाळ? मंग टाकू?"

"टाका, काही होत नाही," मी म्हणालो.

लाज वाटते? वाटते. पण वाटून मी केलं काय — काहीच नाही. दर उन्हाळ्यात त्या मला त्याच वाफ्यांतल्या माठाची जुडी देतात. मी ती घरी नेत नाही, वाटेतल्या कचराकुंडीत टाकतो. आमच्या मुलांच्या पोटात ती जाऊ नये, याची काळजी मी एकदाही विसरलेलो नाही.

परवा त्यांच्या दारात उभा होतो. धाकटी नात जेवत होती. ताटलीत भात आणि माठाची भाजी. सोनीबाईंनी जुडी पुढे केली. मी ती घेतली, आणि निघालो.