मायलेकी

तंजावरला आमच्या शेजारच्या मावशी घरात मराठी बोलत त्या फक्त आपल्या दोन मांजरींशी, मायलेकींशी. कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेलेल्या मुलानं कायमचं बोलावून घेतलं, तेव्हा त्यांनी दोघींना लस टोचून आणली. सवय व्हावी म्हणून महिनाभर दहीभात प्रवासाच्या पेटीतच वाढला. मग जनावरांचे डॉक्टर म्हणाले, म्हातारी माय विमानात टिकणार नाही. तिला सांभाळायचं मी कबूल केलं.

निघायच्या दिवशी मावशी टॅक्सीत बसल्या आणि पुन्हा उतरल्या. पेटी उघडून त्यांनी लेकीलाही माझ्या हातात दिलं.

"मायला एकली नको ठेवूं," त्या म्हणाल्या. "मी राहीन तिथं कशी तरी."

म्हातारी पंधरा दिवसांत गेली. मावशींच्या पत्रांत मांजरींबद्दल कधी एक शब्द नसे, म्हणून मीही कळवलं नाही.