सुईआधीचं गाऱ्हाणं

तार आली तेव्हा मी मुंबईच्या खोलीत ह्यांच्या सदऱ्याला बटण लावत बसले होते. 'वयनी गेली. निघा.' एवढंच... तारेत शब्द मोजून लिहितात हे मला कळतं, तरी लिहिणाऱ्याचा राग आला. बोलायला लागली की जिला आवरता आवरत नसे, तिचं जाणं असं दोन शब्दांत उरकावं? भाद्रपद होता, पावसामुळे बोटी बंद होत्या. एस.टी.ने घाट उतरून गावी पोचेपर्यंत सगळं झालं होतं. तिचं तोंड मला बघायला मिळालं नाही. आता मुंबईला परत येऊन काही आठवडे झाले, पण सकाळी उठल्या उठल्या अजून तिचीच आठवण येते, आणि ती का येते ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ. तारकर्लीच्या अलीकडे, माडांच्या बागेत आमचं घर. थोरले दीर मालवाहू आगबोटीवर खलाशी, एकदा गेले की वर्ष-दीड वर्ष त्यांचं दर्शन नाही. माझे हे मुंबईला गोदीत. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, आणि वयनीला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे पन्नास सालानंतर कधीतरी मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात आम्ही दोघी जावा, एक गाय आणि वयनीची अखंड बडबड एवढंच होतं. पहिल्याच दिवशी तिने मला 'चेडवा', म्हणजे पोरी, अशी हाक मारली आणि मी तिची जाऊ आहे हे ती जी विसरली, ती शेवटपर्यंत.

पुढे एका पावसाळ्यात तिच्या पायाला शिंपला लागला आणि ती जखम काही केल्या भरेना. वयनी वाळत चालली, घटाघटा पाणी प्यायला लागली. मालवणच्या डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला. "रोज सकाळी इंजेक्शन टोचावं लागेल, आयुष्यभर. हयगय केलीत तर पाय जाईल, मग जीवही," असं ते स्वच्छ म्हणाले. वयनीने पायाचं ऐकलं, जिवाचं ऐकलं, आणि विचारलं काय, तर "सुय केवढी आसा?"

सुईला ती लहानपणापासून भ्यायची. देवी टोचायला माणूस गावात आला की ही किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या होडीखाली जाऊन लपायची. दंडावर देवीचा एकही वण नाही, हे ती मोठ्या फुशारकीने दाखवायची. बरं, बाई काही नाजूक नव्हे. विंचू दिसला तर चपलेने ठेचून पुढे जाणारी. गोधडी शिवताना दाभण बोटात घुसलं तर बोट तोंडात घालून पुढचा टाका घालायची. मी चिडवलं की म्हणे, "ती आपली सुय गो. ही परक्याची. परक्यार विश्वास कसो ठेवतलंय?"

रोज पाय ओढत वाळूतून मालवणला जाणं तिला शक्य नव्हतं. शेजारणी पिचकारी बघूनच पदर तोंडाला लावायच्या. म्हणून कंपाउंडरकडून मी शिकले. काचेची पिचकारी आणि सुई चुलीवर उकळायची, बोथट झालेली सुई दगडावर घासायची, औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत गार ठेवायची. हे सगळं जमलं. वयनी जमेना. पहिले काही दिवस ती घरभर पळाली. एकदा तर गोठ्यात गाईच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि "आता ये बगूया!" म्हणाली. शेवटी तिनेच तोड काढली. "थांब गो, आदी देवाक सांगतंय."

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय होत नाही. गावचा मानकरी देवापुढे मागणं बोलून दाखवतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते काम पुरुषांचं. वयनीने ते बिनदिक्कत आपल्या मांडीसाठी उचललं. भिंतीला टेकून, डोळे गच्च मिटून ती सुरू करायची, "बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या म्हाराजा! आज ह्या लेकराच्या मांडयेत सुय जातली हा. ती वाकडी जावची नाय, आत मोडाची नाय, असा कर रे म्हाराजा!" मी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" आणि त्याच दमात टोचायचं. असा आमचा ठराव झाला. पण वयनी कसली बेरकी! मी 'व्हय' म्हणायच्या आत ती पुढचं मागणं सुरू करायची. गावदेव झाला की वेशीवरचा, मग तिच्या माहेरचा, मग आगबोटीवरच्या नवऱ्याची खुशाली, गाईचं दूध, माडाचे नारळ... हातातली पिचकारी तशीच आणि बाईंचं आपलं चालूच. "कुणकेश्वर रवलो गो!" अशी ती मध्येच ओरडायची. "कुणकेश्वराक उद्या सांग. आता मांडी सैल सोड," म्हणून मी टोचून मोकळी व्हायची. मग दोघीही हसत सुटायचो. ती रडत रडत हसायची.

अशी दोन-तीन वर्षं गेली. जखम भरली, वयनी अंगाने सुधारली. आणि एका शिमग्यानंतर ह्यांचं पत्र आलं. मुंबईत खोली मिळाली होती, बोटी बंद व्हायच्या आत निघून ये म्हणून लिहिलं होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊन आम्ही दोघं सलग महिनाभरसुद्धा एकत्र राहिलो नव्हतो. मला जायचं होतं, फार जायचं होतं. पण वयनीला कोण टोचणार? मी तिला पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, "पुढच्या वर्साक बघूया." ती उठून गाईला पाणी दाखवायला गेली.

दिवस काजूचे होते. परसात पाटीभर बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, काढून ठेवलेले असायचे. एका सकाळी बघते तर बऱ्याचशा बोंडवांना बारीक भोकं आणि त्यांतून पाणी गळतंय. कीड लागली म्हणून मी सगळे गाईपुढे टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. झाडालाच काही झालंय असं समजून मी बुंध्याशी राखसुद्धा घातली! तिसऱ्या दिवशी दुपारी विहिरीवर गेले, तर वयनी पाट मांडून बसलेली, एका हातात बोंडू, दुसऱ्या हातात जुनी सुई लावलेली पिचकारी. कपाळावर घाम. बोंडवात पाणी टोचत होती आणि प्रत्येक वेळी स्वतःच "आई गे" म्हणत होती.

"काय बगतंस?" मला बघून ती दटावणीच्या सुरात म्हणाली. "बोंडू बोंबलना नाय, म्हणान त्याका टोचतंय." मग आवाज उतरला. "तुझो घोव वाट बगता. माझ्या मांडयेपायी तुझो संसार अडलो, तर देव माका काय म्हणतलो?"

मी तिथेच बसले. तिच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, पण तिच्या हातात सुई होती.

बोंडू आणि मांडी यांत मात्र फरक असतो. पुढचे कित्येक दिवस ती सुई कातडीपर्यंत न्यायची आणि परत मागे घ्यायची. एकदा टोचली आणि भोवळ येऊन पडली. एकदा पिचकारी भिंतीवर फेकून फोडली, मग नवी आणेपर्यंत सारखी "माफ कर गो" म्हणत राहिली. मी म्हणायची, राहू दे. ती म्हणायची, "बोटी बंद कदी होतत, ता सांग."

वैशाख संपता संपता मी निघाले. ट्रंक बांधलेली, गडी बाहेर उभा. वयनीने पिचकारी भरली आणि भिंतीला टेकून बसली. मी समोर बसले. तिने सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या आमचा चेडू आज बोटीत बसता हा. दर्यात बोट हलाची नाय, थंय घोवान तोंड वाकडा करूचा नाय, जा काय वाकडा-तिकडा आसात ता दूर कर रे म्हाराजा!" त्या गाऱ्हाण्यात मांडी नव्हती, सुई नव्हती, कुणकेश्वरही नव्हता... सगळं माझं होतं. मला रडू आवरेना. डोळे मिटून मी कसंबसं "व्हय म्हाराजा" म्हटलं. डोळे उघडले तर ती पिचकारी पुसत होती. "गेली ती," वयनी म्हणाली. "ऊठ, बोट चुकात."

पुढे दर मे महिन्यात मी गावी जायची. सकाळी वयनी वेणी घालावी इतक्या सहज टोचून घ्यायची. गाऱ्हाणं नाही, बोंबाबोंब नाही. मला बरं वाटायचं, आणि खोटं कशाला सांगू, वाईटही वाटायचं. एकदा तरी तिने मला हाक मारावी, गाईमागे लपावं, असं मनात यायचं. शेवटी शेवटी तिची नजर गेली. तोवर दीर बोट सोडून घरी आले होते. ते रेघेपर्यंत औषध भरून द्यायचे आणि ती चाचपून टोचायची. पाय शेवटपर्यंत शाबूत राहिला. गेली ती काळजाच्या दुखण्याने, भर दुपारी, बोलता बोलता.

तेरावं झालं, माणसं पांगली, हे कामावर परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज केली. एक वाडगा दिरांपुढे ठेवला, माझा घेऊन दाराआड बसले. त्या घरात वयनीची सुई झाल्याशिवाय पेजेला कोणी तोंड लावत नसे. आम्ही दोघंही वाडग्याला हात न लावता बसून राहिलो. थोरले दीर माझ्याशी थेट कधी बोलले नाहीत. आमच्यात तशी रीत नाही. मला काही सांगायचं झालं तर ते वयनीला सांगायचे, मी दोन हातांवर बसलेली असले तरी. पेजेवर साय धरली. दीर खाकरले आणि माजघराकडे तोंड करून म्हणाले, "तिका सांग, पेज निवता हा."

माजघरात कोणी नव्हतं. मी वाडगा उचलला आणि पेज प्यायले.