ठेकेदाराच्या पोटातला कामगार

शोभाताईंनी पुन्हा मशीनवर अंगठा ठेवला. मशीनने त्यांचा फोटो दाखवला, नाव दाखवलं आणि खाली ओळ आली : नवीन कामगार, क्रेनची परवानगी नाही. क्रेनच्या किल्लीचं कपाट काही उघडलं नाही.

"काल ह्याच अंगठ्यानं उघडलं की," त्या म्हणाल्या. "एका रातीत मी नवी झाले व्हय?"

हा शेंद्र्याच्या एमआयडीसीतला एक कारखाना. शेडच्या छताखाली रुळांवरून क्रेन फिरते, तिच्या हुकाला लोखंडी साचे टांगलेले असतात. ती क्रेन शोभाताई वर्षानुवर्षं चालवत होत्या. आदल्या रात्री कंपनीने ठेकेदार बदलला. माणसं तीच, शेड तीच, क्रेन तीच. बदलली ती गणवेशावरची पट्टी. पण सिस्टिमच्या लेखी शोभाताईंना आता काहीच येत नव्हतं. क्रेन गेली म्हणजे हेल्परी. पुन्हा झाडू आणि ढकलगाडीपासून सुरुवात.

ही सिस्टिम आमच्या ऑफिसने बनवलेली. मी तिथं डेव्हलपर. सिस्टिम मी यायच्या आधीची, तक्रार मात्र माझ्या वाट्याला आली, म्हणून मी कारखान्यात.

"बाईंना हाताने परवानगी दे आणि निघ," बॉस जोशी सर फोनवर म्हणाले.

ते जमेना. परवानगीला प्रशिक्षणाची नोंद लागते, आणि ती नोंद जुन्या ठेकेदाराबरोबर बंद झाली होती.

इथं थोडं आमच्या धंद्याचं सांगते. सॉफ्टवेअर लिहिण्याआधी आम्ही मॉडेल करतो. म्हणजे या कामात कोणकोणत्या गोष्टी आहेत आणि कोणती कशावर उभी आहे, ते ठरवतो. प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारायचे. ती किती अमूर्त आहे? शेडमधली ही पिवळी क्रेन हात लावून दाखवता येते. 'कौशल्य' दाखवता येत नाही, तरी ते असतं. दुसरा प्रश्न, ती किती टिकते? मग नियम सोपा. टिकणारी गोष्ट बदलत्या गोष्टीवर उभी करायची नाही. लग्नाच्या मांडवावर कोणी माडी चढवत नाही.

इथं नेमकी माडी चढवली होती. का, तेही कळलं. एमआयडीसीत कुठल्याही गेटवर कामगाराला पहिला प्रश्न असतो, "कोणाचे?" नाव नंतर, कधीकधी नाहीच. उत्तर द्यायचं ठेकेदाराच्या नावाने. चहाच्या टपरीवरही तसंच, अमक्याची माणसं, तमक्याची माणसं. ज्याने मॉडेल केलं त्याने गेटवर उभं राहून हे ऐकलं आणि इमानेइतबारे उतरवलं. सगळ्यात वर ठेकेदार. त्याच्या पोटात कामगार. कामगाराच्या पोटात कौशल्य. ठेकेदार बंद केला की पोटातलं सगळं बंद. माणसाला मालकीची वस्तू समजायची सवय तोंडात होती, ती आता डेटाबेसमध्येही आली.

मी कारखान्याच्या एचआरमधल्या पाटील साहेबांकडे गेले आणि फळ्यावर हे काढून दाखवलं.

"मॅडम, हे तुमचं कॉलेजातलं झालं," ते म्हणाले. "इथं ठेकेदार हाच मुख्य."

"याच्याआधी मुख्य कोण होता?"

"दुसरा होता."

"त्याच्याआधी?"

"तिसराच कोणी."

"आणि क्रेनवर?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "शोभाबाईच."

तेवढ्यात शेडमधून फोन आला. गाड्या भरायला उभ्या होत्या आणि साचे हुकाला लटकलेले. नव्या ठेकेदाराकडे क्रेन चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. माझ्या फळ्याने झालं नाही ते त्या फोनने झालं.

"ठीक आहे. कौशल्य माणसाला जोडा," साहेब म्हणाले. "पण कामावर लागल्याची तारीख ठेकेदाराकडेच राहू द्या."

"साहेब, तारीख तर सगळ्यात टिकाऊ. ती कधीच बदलत नाही."

"म्हणूनच," ते शांतपणे म्हणाले आणि चहा मागवला.

म्हणजे ही चूक नव्हती, सोय होती. दर नव्या ठेकेदाराबरोबर तारीख नवी झाली, की कोणाची वर्षं साठत नाहीत. वर्षं साठली नाहीत, की कायम करा म्हणायला तोंड राहत नाही. मी जोशी सरांना फोन केला आणि हे असंच सांगितलं.

"क्लायंट म्हणतो ते करायचं," सर म्हणाले. "कामगार संघटनेची पत्रकं तू रविवारी वाटतेस ना? मग ती रविवारीच वाट."

कौशल्य मी ठेकेदाराच्या पोटातून काढून थेट माणसाला जोडलं. संध्याकाळच्या आत कपाट उघडलं. शोभाताईंनी किल्ली घेतली, पण जागच्या हलल्या नाहीत. स्क्रीन वाचत होत्या. क्रेन : परवानगी आहे. रुजू : आज.

"क्रेन येते, हे कळलं म्हना ह्याला," त्या म्हणाल्या. "मग कवा शिकले मी? आज सकाळी?"

त्या क्रेनकडे गेल्या.

मॉडेलमध्ये काय टिकतं ते दोन प्रश्नांत कळतं. काय टिकू द्यायचं नाही, हे आपल्याला बोलावण्याआधी ठरलेलं असतं. त्या तारखेची तक्रार मी सिस्टिममध्ये 'चूक' म्हणून नोंदवली आहे. सर मिटिंगमध्ये विचारतात, ती तक्रार बंद करू का. मी म्हणते, दुरुस्त झाली की करू. ती अजून उघडी आहे.