टेबलावरचा हिवाळा

मुलुंडकरांना थंडीचा फार अभिमान. आम्ही डोंगराच्या पायथ्याशी राहतो, त्यामुळे आमच्याकडे खरी थंडी पडते, असं आम्ही दादर-कांदिवलीच्या नातेवाइकांना दरवर्षी ऐकवतो. डिसेंबर लागला की सोसायटीच्या बाकावर माकडटोप्या दिसायला लागतात. घरात मात्र पंखा चालूच असतो, कारण पंख्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. अशा या थंडीच्या नावाने माझ्या सुनेने जेवणाचं टेबल सजवायचं ठरवलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला.

सून बोरिवलीची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिने फोनवर फोटो दाखवले. लाकडी टेबल, मधोमध पांढराशुभ्र बर्फ, त्यात सूचिपर्णी झाडांची वाळकी फळं खोवलेली, जाड मेणबत्त्या आणि खाली लोकरीची पट्टी.

"विंटर सेंटरपीस म्हणतात याला, आई. कसलं कोझी वाटतं ना?"

"वाटतं. आणि भाजीचं पातेलं कुठे ठेवायचं?"

"तुम्ही ना, आई, आधी बघा तर."

हौसेला मोल नसतं म्हणतात. मी जास्त बोलले नाही. माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे, आणि नव्या सुनेपुढे मी ती जरा आवरून धरली होती. शिवाय त्या टेबलाची कुणाला तरी हौस वाटते आहे, याचंच मला अप्रूप होतं. कारण गेले कित्येक महिने आमचं जेवणाचं टेबल जेवणाचं राहिलंच नव्हतं. त्याच्यावर औषधांचा डबा, इस्त्रीचे कपडे, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि आठवड्याची वर्तमानपत्रं असत. एका कोपऱ्यात जागा करून आम्ही तिघं, म्हणजे मुलगा, सून आणि मी, उरकल्यासारखे जेवायचो. चौथी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

मागच्या पावसाळ्यात आमच्या यांना अर्धांगाचा झटका आला. देवाची कृपा म्हणायची, बोलणं परत आलं, पायही बऱ्यापैकी चालायला लागला. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. खांद्यापासून खाली नुसता लोंबायचा, बोटं थोडी हलायची. हे घरी आले त्या दिवशी मी टेबलावर चार ताटं मांडली. हे टेबलाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "माझं ताट आत दे." मला वाटलं, दमले असतील. दुसऱ्या दिवशीही तेच. मग ते रोजचंच झालं. मी ताट आत नेऊन ठेवायची, दार लोटून घ्यायची आणि जेवण झालं की ताट उचलायला जायची.

आपल्याकडे जेवणाचा हात उजवा. तो खरकटा. डावा स्वच्छ ठेवायचा, त्याने डाव धरून भाजी वाढून घ्यायची, पाण्याचा पेला उचलायचा. यांच्या घरात तर हे फार कडक होतं. डावा हात ताटाला लागला की यांचे वडील जेवण थांबवायचे. आता यांच्याकडे एकच हात उरला, तोही डावा. जेवायचं त्यानेच, वाढून घ्यायचं त्यानेच, म्हणजे डावाला खरकटा हात लागणार. डॉक्टर म्हणाले, चमच्याने जेवा. मी घरी तसं सुचवल्यावर हे भडकले.

"माका चमच्यान भरवतलंस? मी काय झील तुझो?"

झील म्हणजे मुलगा. यांचा राग मालवणीत येतो. एरवी लहानपणापासून मुंबईत राहिल्यामुळे बाकी सगळं साध्या मराठीत चालतं.

पण खरी गोम चमच्यात नव्हती. आमचा मुलगा जन्माने डावखुरा. लहानपणी सगळं डाव्या हाताने करायचा. यांनी त्याची ती सवय मोडून काढली. मारलं कधी नाही, पण जेवताना त्याला स्वतःच्या शेजारी बसवायचे आणि डावा हात मांडीखाली दाबून ठेवायला लावायचे. पोरगं रडत रडत उजव्या हाताने वरणभात कालवायचं, अर्धा भात सांडायचा. हे म्हणायचे, "सांडू दे, येईल हळूहळू." आणि आलं की. आता तो लिहितो उजव्याने, जेवतो उजव्याने. फक्त कॅरम खेळताना त्याचा डावा हात पुढे येतो.

एकदा मी ताट उचलायला गेले तेव्हा हे भिंतीकडे बघत म्हणाले, "त्याच्यासमोर कसा बसू गं मी, या हाताने?" मी ताट घेऊन बाहेर आले. यांनी परत टेबलावर येऊन जेवावं, एवढंच मला त्या दिवसांत हवं होतं. बाकी हात बरा होवो न होवो.

तर, रविवारी सुनेने बर्फ केला. कशाचा, तर देवघरातल्या वातींच्या कापसाचा. मी वर्षभर पुरेल असा सरकी काढलेला कापूस आणून ठेवला होता, तो सगळा पिंजून तिने टेबलावर पसरला. त्यावर ऑनलाइन मागवलेली ती वाळकी फळं आणि कुठूनशा आणलेल्या लाल मेणबत्त्या. तिचा नवरा म्हणाला, "झकास." मी म्हटलं, "देवाला आता काय सेंटरपीस ओवाळायचा का?" पण खरं सांगायचं तर दिसत छान होतं.

मग आम्ही जेवायला बसलो आणि सवयीने मी पंखा लावला.

आधी मेणबत्त्या विझल्या. मग बर्फ उठला. मोठमोठे पुंजके हवेत गेले आणि सावकाश खाली आले. एक आमटीच्या पातेल्यात, एक मुलाच्या डोक्यावर, एक माझ्या चष्म्यावर. "वाट लागली यार," मुलगा ओरडला. सून पंखा बंद करायला धावली तर घाईत तिने दिवाच बंद केला. अंधारात कुणीतरी पेला पाडला. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. दार लोटलेलं होतं, पण फटीतून यांना सगळं दिसलं असणार. खोकल्यासारखं, थांबून थांबून, पण ते हसणंच होतं.

आमटी टाकून द्यावी लागली. भांडी घासताना सून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"आई, बाबा हसले."

"ऐकलं मी."

"परत काहीतरी करूया ना टेबलावर."

"करूया. पण कापूस नको. आणि हिवाळा त्या फोनमधून कशाला आणतेस? बाजारात मिळतो तो."

माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्याकडे हिवाळा म्हणजे हरभरा. मुळासकट उपटलेले हरभऱ्याचे डहाळे, त्यांना लगडलेले हिरवे घाटे. शाळेतून येताना कुणाच्याही शेतातून डहाळा उपटायचा आणि घाटे फोडून खात घरी यायचं. त्याची पानं आंबट असतात, बोटं चाटत राहावीशी वाटतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा कोकणातल्या माणसांना डहाळ्याचं फारसं कौतुक नव्हतं. पण पहिल्याच थंडीत मी यांना घाटे फोडून दिले आणि हे असे काही नादी लागले की मग दर हिवाळ्यात ऑफिसातून येताना स्वतःच जुड्या घेऊन यायचे.

शनिवारी आम्ही दोघी स्टेशनजवळच्या बाजारात गेलो. हरभऱ्याच्या जुड्या घेतल्या, तुरीच्या ओल्या शेंगा, बोरं, आवळे, लाल गाजरं आणि उसाची कांडकी. मी आपलं सगळं परातीत ओतून मोकळी झाले असते. सुनेने मला बाजूला केलं. तिने माळ्यावरची पितळी परात काढून चिंचेने घासली, मधोमध तांब्यात ऊस उभा केला, भोवती डहाळे असे काही रचले की घाटे सगळे बाहेरच्या बाजूला आले. मध्ये मध्ये गाजरं, कडेला बोरं-आवळे. औषधांचा डबा तिने कपाटात टाकला, कपडे आत नेले. भिंतीकडची चौथी खुर्ची पुसून जागेवर लावली. मी तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून एका टोपलीत ठेवल्या. घरभर तो वास पसरला. पोरीच्या हातात कला आहे, हे मी तेव्हाच कबूल केलं, पण मनातल्या मनात.

"आज पंखा बंद," तिने जाहीर केलं. "थंडी वाजतेय असं समजायचं."

संध्याकाळी यांच्या चालण्याची वेळ झाली. फिजिओथेरपिस्टने टेबलाभोवती फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या. डावा हात टेबलाच्या कडेवर ठेवून हे रोज गोल फिरायचे. गंमत बघा, ज्या टेबलावर बसायचं नाही त्याच्याच भोवती रोज प्रदक्षिणा. त्या दिवशी हे बाहेर आले आणि थबकले.

"हे काय?"

"हिवाळा," सून म्हणाली.

यांनी टेबलाची कड धरली. फेरी सुरू झाली. पहिल्या फेरीत नुसतं बघितलं. दुसऱ्या फेरीत थांबले, टेबलाची कड सोडली आणि एक घाटा तोडला. अंगठ्याने दाबला तसा तो फट्कन फुटला. दाणा तोंडात टाकून हे पुढे निघाले. पुढच्या फेरीत परत कड सोडली, तेव्हा मात्र यांचा पाय लटपटला. मी उठणार एवढ्यात सुनेने यांच्या वाटेतली खुर्ची मागे ओढली.

"बाबा, बसून सोला ना. मलाही द्या. माझी नखं तुटतायत."

आणि हे बसले. इतक्या सहज बसले की मला पटेना.

मुलगा ऑफिसातून आला तो बूट काढून थेट शेंगांवरच तुटून पडला. आम्ही चौघं सोलत बसलो. सोलताना मला एक गोष्ट कळली. शेंगेला उजवं-डावं नसतं. कुणी या हाताने धरतं, कुणी त्या हाताने फोडतं, कुणी सरळ दाताने ओढून दाणे काढतं. खरकट्याचाही प्रश्न नाही, कारण ज्याची त्याची शेंग वेगळी. सगळे एकाच ढिगात हात घालत होते आणि यांचा डावा हातही त्यात होता. डहाळा हलू नये म्हणून यांनी उजवा हात उचलून त्याच्यावर वजनासारखा ठेवला होता. कितीतरी दिवसांनी त्या हाताला काम मिळालं होतं. मी गॅस बघण्याच्या निमित्ताने आत गेले आणि पदराने डोळे पुसून आले.

मग जेवायची वेळ झाली. सून ताटं घेऊन आली आणि तिने न विचारता चारही ताटं टेबलावर मांडली. सालांचा ढीग बाजूला सारून एक ताट यांच्यासमोर ठेवलं. यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मीही बघितलं. मला वाटलं, आता उठतील, आणि मग परत कधी म्हणून बसणार नाहीत. वरणाचं पातेलं माझ्या हातात तसंच राहिलं.

मुलाने डाव उचलला आणि वडिलांच्या ताटात भात वाढला. "बाबा, तूप?"

यांनी डाव्या हाताने ताट जवळ ओढलं. मग म्हणाले, "घाल."

यांनी डाव्या हाताने भात कालवला. आम्ही तिघंही उसाच्या कांडक्यांकडे बघत होतो, जणू असा ऊस आम्ही जन्मात पाहिला नव्हता. घास तोंडापर्यंत गेला, थोडा भात शर्टावर पडला. सुनेने नॅपकिन दिला, तो यांनी मांडीवर पसरला. दुसरा घास नीट गेला. तिसऱ्याला यांनी लोणचं मागितलं. मी चमच्याने ताटात घालून दिलं, आणि मग आम्ही सगळे बोलायला लागलो, बोरं किती आंबट निघाली वगैरे.

अर्धं जेवण झाल्यावर हे मुलाकडे बघत म्हणाले, "तूही खा ना डाव्याने."

मुलाचा हात थांबला.

"तुझा मूळचा तोच हात," हे म्हणाले. "मीच नको त्या हट्टाने बदलला."

"आता नाही जमायचं, बाबा. सवय गेली."

"माका ह्या वयात जमला, तुका काय धाड भरली?"

मालवणी आली होती, पण राग नव्हता. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी सुनेकडे बघितलं. तिला यातलं काही माहीतच नव्हतं, ती आपली गाजर खात होती. मुलाने उजवा हात धुऊन आणला, ताट जरा डावीकडे ओढलं आणि डाव्या हाताने घास उचलला. तो तोंडापर्यंत पोचलाच नाही. वरणभात टेबलावर सांडला, थोडा त्याच्या पँटवर.

यांनी मांडीवरचा नॅपकिन काढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"सांडू दे," हे म्हणाले. "येईल हळूहळू."