बाईंच्या पिशवीतलं लाटणं

लेकीच्या वर्गशिक्षिका नक्की हसल्या की दुखावल्या, हे आईला संध्याकाळपासून उमगत नव्हतं. पालकांनी दिलेलं साधं पेनही परत करणाऱ्या त्या बाई. बदलीवर बदली घेत आलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी लाटणं घेतलंच कसं?

बाईंनीच मुलांना घराची ओळख सांगणारी एक वस्तू आणायला सांगितली होती. कुणी आजोबांचा चष्मा आणला, कुणी गवंडी बापाची थापी. लेकीने पणजीचं लाटणं नेलं.

"मग एकीने विचारलं, बाई, तुमची वस्तू कुठाय? त्यांनी डस्टर दाखवलं," लेक सांगत होती. "आम्ही ओरडलो, ते तर शाळेचंय! त्या हसल्या, पण खोटं खोटं. म्हणून मी लाटणं त्यांना देऊन टाकलं."

"आणि घेतलं त्यांनी?"

"पिशवीत ठेवलं. मग खडू आणायला बाहेर गेल्या. खडू तर होते गं, आई."

"अगं भवाने, माझ्या सासूचं होतं ते!" आतून आजी कडाडली. "एकट्या बाईला लाटणं कशाला?"

आई गोंधळली. परत मागावं तर बाईंना लागेल. गप्प बसावं तर सासूबाई जेवू देणार नाहीत. आणि बाईंना ते खरंच हवं असेल तर?

अखेर तिने फोन उचलला. लाटणं मागायचं नाही, एवढंच ठरलं. रविवारी ते घेऊन जेवायलाच या म्हणायचं. पुढचं बाईंचा आवाज ऐकल्यावर सुचेल.